जुन्या गाड्यांच्या रेडिओवरचे आकडे नेमकं काय सांगतात? आणि त्यात ते दोन त्रिकोण कशाला होते?

इन्स्टाग्रामवर विंटेज गाड्यांचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. १९५०च्या दशकातली एखादी शेव्हरोले किंवा कॅडिलॅक, चकाकणारा क्रोमचा डॅशबोर्ड आणि मधोमध रेडिओ. कॅमेरा जवळ गेला की काचेवर आकड्यांची एक ओळ दिसते. ५५, ६०, ७०, ८०, १००, १२०, १४०, १६०.

व्हिडिओ थांबवून नीट पाहिलं तर या आकड्यांमध्ये आणखी काहीतरी दिसतं. दोन छोटे त्रिकोण. एक ६०च्या थोडा पुढे आणि दुसरा १२०च्या जवळ.

पाहणाऱ्याला वाटतं की कंपनीने शोभेसाठी काढले असतील. पण ते शोभेसाठी नव्हते. शत्रूची विमानं अणुबॉम्ब घेऊन निघाली, तर रेडिओचा काटा कुठे न्यायचा याची ती खूण होती.

जुन्या कार रेडिओचा डायल ही नुसती आकड्यांची पट्टी नाही. गाडी कोणत्या देशात विकली गेली, कोणत्या काळात विकली गेली आणि तिच्या मालकापर्यंत कोणाचा आवाज पोहोचायचा, हे सगळं त्या काचेवर लिहिलेलं असतं. ते वाचायचं कसं, तेच आज समजून घेऊ.

५५ म्हणजे काय?

रेडिओ स्टेशनची लहर एका सेकंदात किती वेळा कंप पावते, त्याला फ्रिक्वेन्सी म्हणतात. सेकंदाला हजार कंपनं म्हणजे एक किलोहर्ट्झ. एएम रेडिओची मुख्य पट्टी, म्हणजे मीडियम वेव्ह किंवा आकाशवाणीच्या भाषेत मध्यम लहरी, साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या दरम्यान असते.

पण कार रेडिओची काच असायची वीतभर, कधी त्याहूनही लहान. तिच्यावर १४००, १६०० असे आकडे छापले तर गर्दी व्हायची. त्यामुळे कंपन्यांनी शेवटचं शून्य काढून टाकलं. म्हणून ५५ म्हणजे ५५० किलोहर्ट्झ आणि १६० म्हणजे १६०० किलोहर्ट्झ. काही डायलवर तर दोन शून्यं उडवून नुसतं ६, ८, १०, १२ लिहिलेलं असतं.

काही काचांवर कोपऱ्यात 'केसी' अशी अक्षरं दिसतात. त्याचा अर्थ किलोसायकल. हर्ट्झ हे नाव जगभर रुळायच्या आधी किलोसायकल म्हणत. एक किलोसायकल म्हणजेच एक किलोहर्ट्झ, फरक फक्त नावाचा.

डायल १६०लाच का संपतो, याचंही उत्तर सोपं आहे. अमेरिकेत त्या काळी एएमची हद्दच तेवढी होती. १७०० किलोहर्ट्झपर्यंतचा वाढीव भाग १९९०च्या दशकात वापरात आला. त्यामुळे डायल १७०पर्यंत जात असेल, तर तो रेडिओ जुना दिसत असला तरी बराच नंतरचा असण्याची शक्यता जास्त.

आकडे सारख्या अंतरावर का नसतात?

अमेरिकी डायल पट्टीसारखा मोजायला गेलात तर गोंधळ होईल. ५५ ते ६० म्हणजे ५० किलोहर्ट्झचा फरक. १४० ते १६० म्हणजे २०० किलोहर्ट्झचा. पण अनेक डायलवर या दोन्ही टप्प्यांना जवळपास सारखीच जागा दिलेली असते.

अमेरिकेत एएम स्टेशनांचे आकडे १०-१० किलोहर्ट्झच्या अंतराने ठरवलेले आहेत. म्हणजे डावीकडे ज्या जागेत ५ आकडे बसतात, उजवीकडे तेवढ्याच जागेत २० बसतात. म्हणूनच जुना रेडिओ हाताळणाऱ्यांना एक गोष्ट सवयीने माहीत असते. डावीकडे नॉब बिनधास्त फिरवा, उजवीकडे अलगद.

हे असं होतं, कारण नॉब फिरवल्यावर आत जो भाग हलतो त्याची हालचाल आणि फ्रिक्वेन्सी समप्रमाणात वाढत नाहीत.

घरातल्या जुन्या रेडिओत हे काम गँग कंडेन्सर करायचा. एकमेकांत सरकणाऱ्या पातळ पत्र्यांची ती जोडणी रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडी नुसती 'गँग' असते. पण गाडीत या पत्र्या त्रास द्यायच्या. गाडी खड्ड्यातून गेली की त्या थरथरायच्या आणि स्टेशन हलायचं. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बहुतेक कार रेडिओंमध्ये वेगळी पद्धत आली. तारेच्या गुंडाळ्यांमध्ये लोखंडाच्या भुकटीपासून बनवलेले छोटे दांडे आत-बाहेर सरकतात आणि त्यावरून स्टेशन ठरतं. धक्के बसले तरी हे दांडे जागचे हलत नाहीत.

मग ते त्रिकोण?

यासाठी आधी ७ डिसेंबर १९४१ला, पर्ल हार्बरवर जावं लागेल.

त्या रात्री होनोलुलूचं केजीएमबी हे रेडिओ स्टेशन रात्रभर सुरू ठेवलं होतं. अमेरिकेहून येणाऱ्या लष्करी विमानांना त्या लहरींवरून दिशा सापडावी, हा हेतू. पण त्याच लहरींचा माग काढत जपानी विमानंही हवाईकडे आली. रेडिओ स्टेशन म्हणजे शत्रूच्या विमानासाठी दीपस्तंभ ठरू शकतं, हे अमेरिकेला त्या दिवशी कळलं.

पुढे शीतयुद्ध सुरू झालं. सोव्हिएत बॉम्बर विमानांची भीती होती. लोकांना इशारा द्यायचा तर रेडिओ हवाच. पण रेडिओ सुरू ठेवला तर विमानांना शहराचा पत्ता मिळणार. या पेचावर १९५१मध्ये अमेरिकेने एक योजना आणली, तिचं नाव कॉनेलरॅड.

योजना अशी होती. हल्ल्याचा इशारा मिळताच देशातली सगळी नेहमीची स्टेशनं बंद होणार. मग निवडक स्टेशनं फक्त दोनच फ्रिक्वेन्सींवर परतणार, ६४० आणि १२४० किलोहर्ट्झ. तिथेही एकच स्टेशन सलग बोलणार नाही. एकाने थोडा वेळ बोलायचं, थांबायचं, मग दुसऱ्या ठिकाणच्या स्टेशनने बोलायचं. ऐकणाऱ्याला सूचना मिळत राहतात, पण लहर नेमकी कुठून येते हे विमानाला कळत नाही.

लोकांना हे दोन आकडे पाठ असतीलच असं नाही. म्हणून १९५३ ते १९६३ या काळात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एएम रेडिओंच्या डायलवर ६४ आणि १२४च्या जागी नागरी संरक्षण दलाची त्रिकोणी खूण छापली गेली. घरातल्या रेडिओवर, खिशातल्या ट्रान्झिस्टरवर आणि गाडीतल्या रेडिओवरही.

मग ही खूण गेली का? कारण शस्त्रं बदलली. खंडांपार जाणाऱ्या क्षेपणास्त्राला दिशा शोधायला रेडिओ स्टेशन लागत नाही. १९६३मध्ये कॉनेलरॅड बंद झालं आणि त्याच्या जागी दुसरी इशारा यंत्रणा आली. त्यात स्टेशनं आपापल्या नेहमीच्या जागेवरूनच बोलू शकत होती.

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना याचा एक फायदा झाला. अमेरिकी रेडिओवर हे त्रिकोण असतील तर तो साधारण त्याच दहा वर्षांतला, हे पाहताक्षणी कळतं.

युरोपातल्या गाड्यांवर वेगळेच आकडे का?

ब्रिटिश गाडीचा डायल पाहिलात तर २००, २५०, ३००, ५०० असे आकडे सापडतील, तेही उलट्या क्रमाने. हे किलोहर्ट्झ नाहीत, मीटर आहेत. म्हणजे लहरीची लांबी.

दोन्हींचं नातं एका भागाकारात मावतं. ३,००,०००ला किलोहर्ट्झने भागा, मीटर मिळतात. मीटरने भागा, किलोहर्ट्झ मिळतात. लहर जितकी लांब तितकी फ्रिक्वेन्सी कमी, म्हणून आकडे उलटे धावतात.

ब्रिटनमध्ये स्टेशनची ओळखच मीटरवरून असायची. बीबीसी रेडिओ वन म्हणजे २४७ मीटर, रेडिओ लक्झेंबर्ग म्हणजे २०८ आणि बीबीसी लाइट प्रोग्राम म्हणजे लाँग वेव्हवर १५०० मीटर.

ही पद्धत मराठी श्रोत्यांनाही नवी नाही. आकाशवाणीचे निवेदक सभा सुरू करताना आधी मीटर आणि मग किलोहर्ट्झ सांगायचे. ज्यांनी लहानपणी ते ऐकलंय, त्यांना दोन आकडे का असायचे हे आता लक्षात येईल. डायल कुठल्याही पद्धतीचा असो, स्टेशन सापडावं म्हणून.

बटणांवरच्या एल, एम, के, यू या अक्षरांचा अर्थ काय?

ब्लाउपुंक्ट किंवा बेकर या जर्मन कंपन्यांच्या रेडिओवर ही अक्षरं दिसतात. एल म्हणजे लाँग वेव्ह, एम म्हणजे मीडियम वेव्ह, के म्हणजे शॉर्ट वेव्ह आणि यू म्हणजे एफएम. शॉर्ट वेव्हला जर्मन शब्द 'कुर्ट्सवेले', म्हणून के. फ्रेंच रेडिओवर लाँग वेव्हसाठी जीओ, मीडियमसाठी पीओ आणि शॉर्टसाठी ओसी अशी अक्षरं असतात.

प्रत्येक बँडचा स्वभाव वेगळा.

लाँग वेव्ह : ही लहर जमिनीला धरून शेकडो किलोमीटर जाते. एका ट्रान्समीटरवर जवळपास अख्खा देश ऐकू शकतो. युरोपात ती खूप वापरली गेली, अमेरिकेत आणि भारतात नाही. त्यामुळे डायलवर लाँग वेव्ह असेल तर रेडिओ बहुतेक युरोपच्या बाजारासाठी बनलेला.

मीडियम वेव्ह : दिवसा ही लहर जमिनीलगत काही शे किलोमीटरपर्यंत जाते. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या भागात तिला गिळणारा थर विरळ होतो आणि लहर त्याच्याही वरच्या थरावर आपटून परत खाली येते. म्हणून रात्री गाडी चालवताना हजार किलोमीटरवरचं स्टेशन अचानक लागायचं. अमेरिकेत नॅशव्हिलचं ६५० किलोहर्ट्झवरचं डब्ल्यूएसएम किंवा सिनसिनाटीचं ७००वरचं डब्ल्यूएलडब्ल्यू ही स्टेशनं रात्रीच्या ट्रकचालकांची सोबत होती.

शॉर्ट वेव्ह : ही लहर आकाशात आपटत हजारो किलोमीटर जाते. भारतीयांना हिची ताकद चांगली ठाऊक आहे. १९५२मध्ये बी. व्ही. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवर सिनेसंगीताला कात्री लागली. श्रोत्यांनी काटा सरळ शॉर्ट वेव्हवर, रेडिओ सिलोनवर नेला. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' तिथलीच. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. श्रोता काटा दुसरीकडे नेऊ शकतो, म्हणून सरकारी रेडिओला बदलावं लागलं.

एफएम : आवाज स्वच्छ, पण लहर साधारण सरळ रेषेत जाते. डोंगर आला, अंतर वाढलं की संपली. कारमध्ये एफएम आधी जर्मनीत आलं, त्यालाही कारण आहे. युद्धानंतर युरोपात फ्रिक्वेन्सींची वाटणी झाली, तेव्हा हरलेल्या जर्मनीच्या वाट्याला मीडियम वेव्हच्या जागा कमी आल्या. त्यांनी एफएमवर जोर दिला आणि १९५२मध्ये ब्लाउपुंक्टने एफएमचा कार रेडिओ आणला. त्यामुळे १९५०च्या दशकातल्या कार रेडिओवर एफएम दिसलं तर आधी जर्मन नाव शोधायचं.

कम्प्युटर नव्हता, मग बटण दाबल्यावर स्टेशन कसं लागायचं?

जुन्या डायलखाली पाच जाड बटणं असतात. एक दाबलं की काटा 'खट्' करून आपल्या जागी जातो. आत चिप नाही, मेमरी नाही. सगळं यांत्रिक.

आधी नॉब फिरवून स्टेशन लावायचं. मग हवं ते बटण बाहेर ओढायचं, म्हणजे आतली पकड सैल होते. बटण पूर्ण आत दाबलं की पकड त्याच जागी घट्ट होते. पुढच्या वेळी बटण दाबलं की ते आतले दांडे ढकलून नेमक्या त्याच जागी नेतं. बॅटरी काढा, गाडी वर्षभर उभी ठेवा, स्टेशन विसरलं जात नाही.

ज्यांना एवढाही त्रास नको होता, त्यांच्यासाठी बेकरने १९५३मध्ये 'मेक्सिको' हा रेडिओ आणला. तो स्वतःच पुढचं स्टेशन शोधून थांबायचा. आजच्या 'सीक' बटणाचा हा आजोबाच.

असा रेडिओ आज महाराष्ट्रात लावला तर?

अमेरिकेत स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, भारतात ९च्या. १९७८पासून युरोप, आफ्रिका आणि आशियात ही ९ची पद्धत लागू झाली. म्हणून आपल्याकडचे एएमचे आकडे ९ने भागले जातात. मुंबईचं १०४४, पुण्याचं ७९२, नागपूरचं ५८५. भागून पाहा.

त्यामुळे गंमत अशी होते की, फक्त अमेरिकेसाठी बनवलेला डिजिटल रेडिओ १०४० वरून थेट १०५० वर उडी मारतो. १०४४ त्याला नीट सापडतच नाही. पण त्याच्याहून तीस वर्षं जुना काट्याचा रेडिओ ते आरामात पकडतो, कारण काट्याला उड्या माहीत नाहीत. तो सरकत जातो.

अमेरिकी डायलवर १०४४ हे १००च्या थोडं पुढे सापडेल, ७९२ हे ८०च्या अगदी अलीकडे आणि ५८५ हे ६०च्या किंचित आधी. मीटरवाल्या ब्रिटिश डायलवर मुंबईसाठी काटा २८७च्या आसपास न्यायचा, पुण्यासाठी ३७९ आणि नागपूरसाठी ५१३.

एफएमला मात्र अडचण येऊ शकते. युरोपातले बरेच जुने डायल १०४ मेगाहर्ट्झला संपतात. म्हणजे मुंबईत १००.७वरचं एफएम गोल्ड लागेल, १०७.१वरचं रेनबो लागणार नाही. यात रेडिओ बिघडलेला नसतो, त्याची पट्टीच तिथे संपलेली असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वारशात मिळालेला किंवा बाजारातून आणलेला जुना रेडिओ थेट बॅटरीला जोडू नका. तो ६ व्होल्टचा आहे की १२चा, हे आधी बघा. १९६०च्या दशकापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असायचं, आजच्या बरोबर उलट. चुकीच्या बाजूने वीज दिली तर ट्रान्झिस्टरचा रेडिओ क्षणात जळू शकतो. व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर सुरू केल्यावर आवाज यायला थोडा वेळ लागतो. तो बंद पडलाय असं समजून ठोकाठोकी करू नका.

पण आता हे समजून करायचं काय?

कारण गाडीतल्या एएमचा प्रश्न आजही सुटलेला नाही.

जर्मनीत डॉइचलांडफुंकने २०१५च्या शेवटी मीडियम वेव्ह बंद केलं. फ्रान्स इंटरचं लाँग वेव्ह २०१६च्या शेवटी थांबलं. त्या देशांत जुन्या रेडिओचं एल किंवा एम बटण दाबलं की आता बहुतेक खरखरच ऐकू येते.

अमेरिकेत प्रश्न उलट बाजूने आला. तिथे स्टेशनं आहेत, पण गाड्यांमधून रेडिओ जातोय. इलेक्ट्रिक गाडीची मोटर चालवणाऱ्या यंत्रणेतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका एएमच्या पट्टीत घुसतो. तो अडवायला खर्च येतो. त्यामुळे टेस्ला, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन अशा कंपन्यांनी आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांमधून एएम काढून टाकलं. २०२३मध्ये फोर्डने तर २०२४च्या बहुतेक नव्या गाड्यांमधून ते वगळायचं ठरवलं.

त्यावर गदारोळ झाला. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचे सात माजी प्रमुख एकत्र येऊन विरोधात बोलले. त्यांचा मुद्दा साधा होता. राष्ट्रीय इशारा यंत्रणा देशभरातल्या मोजक्या, भक्कम रेडिओ केंद्रांवर उभी आहे. त्यातली बरीचशी एएमची आहेत आणि ती मिळून ९० टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत पोहोचतात. वादळात मोबाइलचे टॉवर पडतात, इंटरनेट जातं, वीज जाते. तेव्हा दारात उभ्या असलेल्या गाडीत बॅटरी असते आणि रेडिओ असतो.

त्याच वर्षी प्रत्येक गाडीत एएम सक्तीचं करणारं विधेयक अमेरिकी संसदेत आलं. रिपब्लिकन टेड क्रूझ आणि डेमोक्रॅट एड मार्की, एरवी क्वचितच एका बाजूला दिसणारे हे दोन सिनेटर या विधेयकामागे एकत्र उभे राहिले. काही दिवसांत फोर्डने निर्णय मागे घेतला. २०२५मध्ये विधेयक पुन्हा मांडलं गेलं.

कंपन्यांचं म्हणणंही अगदीच चूक नाही. आज इशारा फोनवर येतो, गाणी इंटरनेटवर मिळतात, एएम ऐकणारे कमी झालेत. पण १९५३मध्ये डायलवर त्रिकोण छापताना विचारलेला प्रश्न आजही तोच आहे. बाकी सगळं बंद पडलं तर गाडीत बसलेल्या माणसापर्यंत आवाज कसा पोहोचवायचा?

तेव्हा याचं उत्तर काचेवर छापलेलं होतं. आजच्या गाडीच्या टचस्क्रीनवर ते आहे का, हे नवी गाडी घेताना एकदा तपासून बघायला हरकत नाही.